मदत हवी आहे: पेट्रोल की इलेक्ट्रिक? पाच-सहा वर्षांचा खरा खर्च

नमस्कार मंडळी, पुण्यात राहतो. महिन्याला साधारण १२०० किमी गाडी चालते, बहुतेक शहरातच. पेट्रोल शंभराच्या वर आणि ट्रॅफिकमध्ये १५ चं मायलेज धरलं तर किलोमीटरला सात रुपये जातात. घरी चार्ज केली, युनिटला दहा रुपये आणि युनिटमागे सात किमी धरले, तर जेमतेम दीड रुपया. महिन्याला साडेसहा हजार वाचतात. पण इलेक्ट्रिक मॉडेल अडीच-तीन लाखांनी महाग पडतंय, म्हणजे वसुलीलाच तीन-चार वर्षं! शिवाय सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जर लावू दिला नाही, तर बाहेरच्या फास्ट चार्जरच्या दराने हे गणितच बदलतं.

सर्व्हिसिंग स्वस्त, हे पटतं. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. थर्ड पार्टी विम्यातही १५ टक्के सूट आहे. पण ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता किती येतो? टायर खरंच लवकर झिजतात का? आणि मुख्य म्हणजे, बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी संपत आलेली गाडी विकताना किंमत काय मिळते?

तीन-चार वर्षं वापरलेल्यांनी प्रत्यक्ष आकडे सांगा, प्लीज. दिवाळीआधी बुकिंग करायचंय.