रोमचा ‘डिक्टेटर’ : हुकूमशहा, कुलमुखत्यार की सर्वाधिकारी?

विचारणा

रोमन प्रजासत्ताकाच्या इतिहासावर मराठीत टिपणे लिहिते आहे. ‘डिक्टेटर’ म्हटले की शब्दकोशात ‘हुकूमशहा’ सापडतो. मग वाक्य असे होते : ‘सिन्सिनाटस शेतात राबत होता, तेव्हा त्याला रोमचा हुकूमशहा नेमले गेले आणि सोळाव्या दिवशी त्याने हुकूमशाही सोडली.’ वाचणारा इथेच अडतो. हुकूमशहाला कोणी नेमतो का? आणि नेमलाच, तर तो पंधरा दिवसांत आपण होऊन घरी जातो का? दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर

तुमची अडचण खरी आहे. रोममध्ये डिक्टेटर हे कायद्याने चालत आलेले पद होते. एरवी दोन कॉन्सल वर्षभर कारभार पाहत आणि ते एकमेकांना अडवू शकत. परचक्र आले, दोघांचे पटेना किंवा दोघेही दूर असले, तर सिनेट, म्हणजे ज्येष्ठांची सभा, सांगे आणि कॉन्सल एका माणसाला डिक्टेटर म्हणून नेमे. मुदत जास्तीत जास्त सहा महिने. काम आधी उरकले तर पद आधीच सोडायचे, अशी रीत. इ.स.पू. ४५८ मध्ये एक्वी टोळ्यांनी कॉन्सलच्या फौजेला आल्जिडस डोंगरावर कोंडले, म्हणून सिन्सिनाटसला बोलावले. त्याची जमीन चार युगेरा, म्हणजे जेमतेम अडीच एकर. सिनेटचा निरोप ऐकण्याआधी त्याने बायकोला झोपडीतून टोगा, म्हणजे नागरिकाचा औपचारिक अंगरखा, आणायला सांगितला, अशी परंपरा आहे.

आणि काम दर वेळी लढाईचेच असे, असेही नाही. निवडणूक घेण्यापुरता डिक्टेटर नेमत. इ.स.पू. ३६३ मध्ये साथ हटेना, तेव्हा ज्युपिटरच्या देवळात विधिपूर्वक खिळा ठोकण्यासाठी डिक्टेटर नेमला होता. खिळा ठोकणाऱ्याला ‘हुकूमशहा’ कसे म्हणायचे?

माझा आवडता दाखला इ.स.पू. २१६ चा आहे. कॅनीच्या रणात कार्थेजच्या हॅनिबलने रोमन फौज कापून काढली आणि सिनेटमधल्या कितीतरी जागा रिकाम्या झाल्या. त्या भरण्यासाठी मार्कस फेबियस ब्यूटिओ या वयोवृद्ध माणसाला डिक्टेटर केले. व्यासपीठावर चढल्याबरोबर त्याने आपल्याच नेमणुकीतल्या उणिवा सांगितल्या : एक डिक्टेटर रणात असताना हा दुसरा कशाला, आणि युद्धाचे काम नसताना सहा महिन्यांचा अधिकार का? मग जुन्या एकाही सभासदाला न काढता त्याने १७७ नवी नावे वाचली, तिथल्या तिथे राजीनामा दिला, लिक्टरांना, म्हणजे पुढे चालणाऱ्या अधिकृत सेवकांना, निरोप दिला आणि साधा नागरिक म्हणून खाली गर्दीत मिसळला. आपल्याला पोचवायला लोकांनी चौक सोडू नये म्हणून तो मुद्दाम रेंगाळला. तरी लोक त्याला घरापर्यंत सोडायला गेलेच.

‘हुकूमशहा’तला ‘शहा’ म्हणजे राजा. राजे हाकलूनच तर हे प्रजासत्ताक उभे राहिले होते, परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये. त्यांच्या पदाला आपण ‘शहा’ जोडतो, हे मला फार खटकते.

दुसरे मत

मला ‘हुकूमशहा’ इतका चुकीचा वाटत नाही. मुदत थोडी होती म्हणून अधिकार थोडा होता असे नाही. कॉन्सलपुढे लिक्टर चालत, त्यांच्या काठ्यांच्या मोळीतून शहराच्या हद्दीत कुऱ्हाड काढून ठेवत. डिक्टेटरची कुऱ्हाड शहरातही तशीच राही. मुसोलिनीच्या पक्षाने मिरवलेली मोळी तीच.

इ.स.पू. ३२५ च्या सुमारास पॅपिरियस कर्सर डिक्टेटर होता. तो शकुन पाहायला रोमला गेला आणि आपला दुय्यम, अश्वदलप्रमुख फेबियस रुलियानसला बजावून गेला की माझ्या मागे लढाई करू नकोस. फेबियसने लढाई केली, मोठा विजय मिळवला. पॅपिरियस परतला आणि आज्ञाभंगाबद्दल त्याला फटके मारून शिरच्छेद करायला निघाला. फेबियस रोमला पळाला. बापाने जनतेकडे दाद मागितली, सिनेट मध्ये पडले, तरी पॅपिरियस हटेना. शेवटी सगळ्यांनी हात जोडल्यावर, ‘हा दोषमुक्त नाही, जनतेच्या विनंतीखातर सोडतो,’ असे म्हणून त्याने जीवदान दिले. याला हुकूम नाही तर काय म्हणायचे?

दुसरा शब्द हवाच असेल तर ‘कुलमुखत्यार’ घ्या. अस्सल व्यवहारातला आहे.

उत्तर

याच दोघांची पुढची हकिगत लिव्ही या रोमन इतिहासकाराने दिली आहे. इ.स.पू. ३१० मध्ये फेबियस कॉन्सल होता आणि एट्रुरियात लढत होता. दुसरा कॉन्सल सॅम्नाइटांशी लढताना जखमी झाल्याची खबर आली. सिनेटला पॅपिरियसच डिक्टेटर हवा होता, पण नाव उच्चारण्याचा अधिकार फेबियसचा. ज्याने आपली मान मागितली होती, त्याचे नाव! शिष्टमंडळाचे बोलणे त्याने जमिनीकडे पाहत ऐकले आणि काही न बोलता तो आत गेला. रात्री, रिवाजाप्रमाणे नीरव शांततेत, त्याने पॅपिरियसला डिक्टेटर घोषित केले. शिष्टमंडळाने आभार मानले, तेव्हाही तो गप्पच राहिला.

म्हणजे अधिकार अमर्याद, हे तुमचे म्हणणे मान्य. पण तो घेतलेला नाही, दिलेला आहे. देणाऱ्याला कितीही जड गेले तरी रीतीने दिलेला. मराठीत ‘हुकूमशहा’ म्हटले की सत्ता बळकावणारा आणि न सोडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तो अर्थ इथे बसत नाही.

‘कुलमुखत्यार’ ऐकायला छान आहे, पण मुखत्यारपत्र देणारा ते रद्दही करू शकतो. डिक्टेटरचा अधिकार मुदत संपेपर्यंत कोणी परत घेऊ शकत नसे.

मी ‘सर्वाधिकारी’ सुचवीन. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रशिक्षण वर्गांत प्रमुखाला आजही सर्वाधिकारी म्हणतात आणि वर्ग संपला की ते पद संपते. सगळे अधिकार आणि ठरावीक मुदत, दोन्ही त्यात आले. ‘डिक्टेटर’ हा शब्द आपल्याकडेही एकदा या अंगाने वापरला गेला होता : १९३०-३२ च्या कायदेभंगात काँग्रेसच्या लढ्याचे सूत्र हाती घेणाऱ्याला डिक्टेटर म्हणत, आणि तो पकडला गेला की पुढच्याचे नाव तयार असे.

विचारणा

‘सर्वाधिकारी’ पटला. पण मग सुल्ला आणि सीझरचे काय? त्यांनाही सर्वाधिकारीच म्हणू?

उत्तर

पद म्हणून हो. जुन्या रीतीचा शेवटचा डिक्टेटर इ.स.पू. २०२ मधला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे हे पद कोणाला दिलेच नाही. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्ला रोमवर फौज घेऊन आला आणि मग त्याच्यासाठी कायदा करून हे पद पुन्हा काढले गेले, तेही मुदतीशिवाय. त्याने शत्रूंच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या; यादीतल्या माणसाला मारणाऱ्याला इनाम होते. पुढे पद त्याने स्वतः सोडले, हेही खरे. सीझर इ.स.पू. ४९ मध्ये अकरा दिवसांचा डिक्टेटर होता, ४६ मध्ये दहा वर्षांसाठी, आणि ४४ च्या फेब्रुवारीत तहहयात. १५ मार्चला त्याचा खून झाला आणि त्यानंतर अँटनीने पदच कायमचे रद्द केले.

तेव्हा मी असे लिहीन : ‘सुल्ला सर्वाधिकारी झाला आणि हुकूमशहासारखा वागला.’ पहिला शब्द पदाचा, दुसरा वागणुकीचा. पदनामातच निकाल देऊन टाकला, तर ब्यूटिओ आणि सुल्ला एकाच पंगतीला बसतात, आणि रोममध्ये नेमके काय बिघडले ते वाचकाला दिसतच नाही.

तिसरे मत

याच न्यायाने ‘इम्पेराटोर’ म्हणजे सम्राट हेही तपासा. जिंकलेल्या सेनापतीला सैनिक रणांगणावर या नावाने गजर करत. इ.स.पू. ५१ मध्ये सिलिशियात सिसेरोचाही असा गजर झाला होता. त्याला सम्राट म्हणता येणार नाही. तिथे ‘विजयी सेनापती’ पुरे. ज्याला आपण पहिला रोमन सम्राट म्हणतो तो ऑगस्टस स्वतःला ‘प्रिन्सेप्स’ म्हणवी, म्हणजे नागरिकांतला पहिला. इ.स.पू. २२ मध्ये अन्नटंचाई झाली, लोकांनी सिनेटरांना सभागृहात कोंडले आणि ऑगस्टसला डिक्टेटर करा नाहीतर आग लावू म्हणाले. त्याने गुडघे टेकून नको म्हटले आणि धान्यपुरवठ्याचे काम तेवढे घेतले. सगळी सत्ता हातात असताना त्याला ते नाव नको होते.

‘सेंचुरियन’, म्हणजे रोमन सैन्यातला तुकडीचा नायक, यासाठी मात्र मराठी बायबलातला ‘शताधिपती’ बेलाशक वापरा. त्याच्या तुकडीत प्रत्यक्षात बहुधा ऐंशीच माणसे असत, तशी एक तळटीप द्या.

विचारणा

तर मग वाक्य असे करते : ‘सिन्सिनाटसला सर्वाधिकारी (डिक्टेटर) नेमले, कोंडलेली फौज सोडवून सोळाव्या दिवशी त्याने पद सोडले.’ अश्वदलप्रमुखासाठी ‘सरनौबत’ चालेल का?

उत्तर

वाक्य छान झाले. ‘सरनौबत’ नको. तो कायमचा हुद्दा होता. रोमचा अश्वदलप्रमुख सर्वाधिकाऱ्याने नेमलेला दुय्यम, सर्वाधिकारी गेला की त्याचेही पद जाई. ‘अश्वदलप्रमुख’च ठेवा.