द्विशिक्षकी शाळेतील नवीन सहकाऱ्यांनी नोकरी सोडू नये म्हणून काय करता येईल?

प्रश्न : प्रभारी मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा

सर्वांना नमस्कार. आमची शाळा द्विशिक्षकी असून पटावर 37 मुले आहेत. पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे आणि तिसरी-चौथीचे वर्ग दीड वर्षापूर्वी शिक्षण सेवक (सुरुवातीची तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करणारे शिक्षक) म्हणून रुजू झालेल्या सरांकडे आहेत. त्यांनी गेल्या आठवड्यात मला सांगितले की ते तलाठी भरतीची तयारी करत आहेत. 16,000 रुपयांच्या मानधनातून खोलीभाडे आणि पेट्रोल भागवावे लागते, हे खरेच; पण त्यांचे दुखणे वेगळे आहे. “मॅडम, मला शिकवायलाच मिळत नाही,” असे ते म्हणाले.

परवाचाच प्रसंग सांगते. ते हातच्याची वजाबाकी शिकवत होते. फळ्यावर 52 वजा 27 मांडले होते आणि तिसरीतली एक मुलगी दहाची जुडी सोडून काड्या मोजू लागली होती. तेवढ्यात मोबाइलवरील शाळांच्या गटावर संदेश आला की अमुक माहिती अर्ध्या तासात भरावी. आमच्याकडे नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते, म्हणून सर मोबाइल घेऊन तिकडे गेले. ते परत आले तेव्हा त्या मुलीने काड्या पुन्हा जुडीत बांधून ठेवल्या होत्या.

वरिष्ठ पातळीवरचे निर्णय माझ्या हाती नाहीत. माझ्या शाळेपुरते मी काय करू शकते, हे कृपया अनुभवातून सांगावे.

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख (परिसरातील काही शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी)

मॅडम, तो संदेश पाठवणाऱ्यांच्या जागी मी अनेक वर्षे होतो. वरून आलेले पत्र मी जसेच्या तसे पुढे पाठवत असे आणि हीच माहिती शाळेने आधी दिली आहे का, हे क्वचितच पाहत असे. त्याची खंत मला आजही वाटते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. मतदारयादीचे काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास ठरवताना पूर्वतयारीचे तासही त्यातच धरले आहेत, म्हणजे पाठाची तयारी हे रात्री घरी उरकायचे काम नाही. हे सारे भांडणासाठी नव्हे, तर केंद्रप्रमुखांशी शांतपणे बोलण्यासाठी हाताशी ठेवा. पटसंख्या, आधार, बँक खाती, खोल्या आणि शौचालये ही वारंवार विचारली जाणारी माहिती एकाच वहीत अद्ययावत ठेवा आणि ‘आमच्या शाळेची माहिती रोज दुपारी चारनंतर मिळेल’ असे त्यांना लेखी कळवा. आपत्तीचा विषय सोडला तर बहुतेक माहिती तेवढी थांबू शकते.

उत्तर : सहशिक्षिका

केंद्रप्रमुख साहेबांचे म्हणणे मान्य आहे; पण मुळात ते काम सरांकडेच का गेले, हेही पाहायला हवे. “तुम्हाला मोबाइलमधले कळते” असे म्हणत सगळ्या ऑनलाइन नोंदी सर्वांत तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडतात. आमच्या शाळेतही हेच होत असे. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस (शाळांची सरकारी ऑनलाइन माहिती नोंद) आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळे एकाच सरांकडे होते. आम्ही एका शनिवारी सर्व कामे कागदावर मांडली आणि प्रत्येकापुढे नाव घातले. मी आहाराची नोंद करायला शिकले. तांदळाच्या शिल्लकीचा हिशेब पहिला महिनाभर चुकत होता, नंतर जमला. मॅडम, तुमच्यावर मुख्याध्यापकपदाचाही भार आहे, याची मला जाणीव आहे. तरीही निदान एक नोंद तुम्ही स्वतःकडे घ्या.

उत्तर : 2019 मध्ये रुजू झालेला शिक्षक

माझे मानधन तेव्हा 6,000 रुपये होते. शिक्षण सेवकांचे मानधन 2023 मध्ये वाढले. मीही सोडून जाणार होतो. आमचे मुख्याध्यापक एक दिवस माझ्या वर्गात मागे येऊन बसले. तपासणीसाठी नव्हे, नुसते पाहायला. सुट्टीत ते माझ्याशी फक्त त्या पाठाबद्दल बोलले. कोणत्या मुलाला काय उमगले आणि कोण अडकले, एवढेच. रुजू झाल्यापासून माझ्या शिकवण्याविषयी मला कोणी विचारल्याची ती पहिलीच वेळ होती. सरांना तलाठी परीक्षेपासून परावृत्त मात्र करू नका. तो त्यांच्या घराचा प्रश्न आहे आणि त्याबद्दल त्यांना अपराधी वाटता कामा नये.

प्रश्नकर्त्या मुख्याध्यापिका

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आहाराची नोंद सोमवारपासून मी घेतली आहे आणि केंद्रप्रमुखांना चार वाजताच्या वेळेबद्दल पत्रही दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. काल पहिल्या दोन तासिकांना सरांचा मोबाइल माझ्या टेबलावर होता. त्यांनी तीच वजाबाकी पुन्हा घेतली आणि त्या मुलीने 25 काड्या मोजून माझ्या वर्गात आणून दाखवल्या. परीक्षेचा अर्ज त्यांनी भरला आहे. त्याविषयी मी काही बोलले नाही.