पी०२९९ कोड, घाटात गाडीचा पिकअप जातो: टर्बो बदलू की आधी तपासून घेऊ? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. निर्णय लवकर घ्यायचा आहे आणि रक्कम मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी २०१६ ची, डिझेल, बीएस-४, मॅन्युअल, रनिंग एक लाख दहा हजारांच्या पुढे. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिलं की चर्चा कंपनी चांगली की वाईट याकडे वळते. माझा प्रश्न निदानाचा आहे.

लक्षण असं: सपाटीवर, हायवेला गाडी एकदम व्यवस्थित. चिपळूणहून कऱ्हाडला परत येताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलं की तिसऱ्या गिअरमध्ये, अडीच हजार आरपीएमच्या आसपास, पाय दाबून धरला की अचानक पिकअप जातो. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि टर्बो नसल्यासारखी गाडी रांगायला लागते. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा चालू केली की ताकद परत येते, ती पुढच्या खड्या चढापर्यंत. दिवा मात्र तसाच. काळा धूर थोडा दिसतो, पांढरा किंवा निळा नाही. ऑइल कमी होत नाही, कूलंट कमी होत नाही.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. पी०२९९ आला, टर्बोचं प्रेशर कमी. त्यांनी कोड उडवला, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढून साफ केला. पुढच्या घाटाला कोड हजर. मग मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) नवा टाकला. तरी तेच. त्यानंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनिंगचे पैसे वेगळे घेतले आणि टर्बोची पूर्ण असेंब्ली बदलायला सांगितली, एस्टिमेट सत्तर हजारांच्या वर. "कोणती टेस्ट केली?" असं विचारलं तर उत्तर, "सिस्टीमच सांगतेय साहेब." प्रिंटआउट मागितला, मिळाला नाही. पंप-इंजेक्टरचं काम करणाऱ्या एकाने तर बॉनेट न उघडता इंजेक्टर सांगितले.

आई चिपळूणला असते, तिला दवाखान्यात न्यायला-आणायला हीच गाडी. घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना मध्येच ताकद गेली तर काय होईल, या विचाराने हल्ली पोटात गोळा येतो. तर सांगा, स्कॅनर सगळीकडे एकच कोड दाखवतोय मग उपाय तीन कसे? कंपनीच्या स्कॅनरला बाहेरच्यापेक्षा जास्त काही दिसतं का? आणि ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ओबीडी यंत्र (गाडीतले कोड वाचणारं) घेऊन मला स्वतःला काही बघता येईल का?

दहाचा_पाना

दादा, माझं सांगलीत गॅरेज आहे, डिझेलचंच काम जास्त. तिन्ही ठिकाणी कोड वाचला गेला, पण मोजलं कुणीच काही नाही. म्हणून उपाय तीन.

पी०२९९ म्हणजे टर्बो खराब, असं नाही. ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, जेवढं बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) मागितलं तेवढं मिळालं नाही, एवढीच त्याची तक्रार. का मिळालं नाही हे ईसीएमला कळत नाही. इंटरकूलरचा होज फाटलेला असेल, क्लॅम्प ढिला असेल, व्हॅक्यूमची बारीक नळी तडकलेली असेल, बूस्ट कंट्रोलचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) चिकटत असेल, अॅक्चुएटरचा (व्हॅक्यूमवर दांडी ओढून टर्बोच्या आतल्या पट्ट्या हलवणाऱ्या डबीचा) डायफ्रॅम गेला असेल, ईजीआर उघडाच राहत असेल, टर्बोच्या आतल्या पट्ट्या काजळीने जाम झाल्या असतील, किंवा खरंच टर्बोचा फिरणारा शाफ्ट गेला असेल. सगळ्यांचा कोड एकच.

मॅप सेन्सर बदलण्याआधी एक फुकटची तपासणी असते. इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि लाइव्ह डेटात त्या सेन्सरचं रीडिंग बघायचं. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब असतो. चिपळूणला १०० किलोपास्कलच्या जवळ, कऱ्हाडात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला नेली तर ८६ च्या आगेमागे. आकडा जागेप्रमाणे जुळला तर निदान त्या टोकाला तरी सेन्सर बरोबर आहे.

खरी तपासणी घाटातच होणार. मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट हे दोन आकडे एकत्र रेकॉर्ड करत गाडी चढावर न्यायची. शेजारी माणूस बसवा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. दोन्ही आकडे सुरुवातीपासून हळूहळू लांब जात असतील तर आधी गळती शोधा. बराच वेळ बरोबर चालून एकदम फाटत असतील तर काहीतरी अडकतंय. मग गाडी उभी करून धूर सोडून इनटेकची गळती बघायची आणि हाताच्या व्हॅक्यूम पंपाने अॅक्चुएटर तपासायचा. व्हॅक्यूम दिला की दांडी एका दमात, न अडखळता सरकली पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकला पाहिजे. काटा खाली उतरत गेला तर डायफ्रॅम फुटलाय.

आता आमच्याकडची अडचणही ऐका. चांगला स्कॅनर, लाँच कंपनीचा घ्या की ऑटेलचा, महाग असतो आणि दरवर्षी अपडेटचे पैसे वेगळे. वर सांगितलेली तपासणी नीट करायची तर अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक मात्र म्हणतं, स्कॅनिंगचे कसले पैसे, पार्ट टाकाल त्यात धरा. मग पार्ट टाकल्याशिवाय गॅरेजवाल्याला काहीच सुटत नाही, आणि तुमच्या गाडीत सेन्सर पडतो. तुम्ही पुढच्या माणसाला आधीच सांगा, "तपासणीचे पैसे वेगळे देतो, पार्ट बदलला नाही तरी देतो, फक्त काय मोजलं ते दाखवा." यावर जो खूश होईल त्याच्याकडे गाडी द्या.

रानवारा

यंत्राबद्दल मी सांगते. ब्लूटूथवर चालणारी ईएलएम३२७ जातीची यंत्रं मिळतात, स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डमध्ये सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात लागतात. २०१६ च्या गाडीला चालायला हरकत नाही, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आहे. इंजिनचे प्रमाणित कोड, आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, कूलंटचं तापमान एवढं मोबाइलवर दिसतं. एबीएस आणि एअरबॅगचं बहुधा दिसत नाही. मागितलेलं बूस्ट किती, हे कंपनीने त्यांच्या खास यादीत ठेवलेलं असलं तर तेही दिसणार नाही. पण मिळालेलं बूस्ट दिसलं तरी तुमचं निम्मं काम होईल.

एक गोष्ट मात्र आजपासून पाळा. कोड कुणालाही उडवू देऊ नका, आधी त्याची फ्रीझ फ्रेम उघडून फोटो काढा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, लोड किती, इंजिन गरम होतं का, हे सगळं तिथे साठवलेलं असतं आणि कोड उडवला की तेही पुसलं जातं. घाटातली लक्षणं गॅरेजच्या दारात पुन्हा दिसत नाहीत, तेव्हा तीच नोंद कामाला येते. आणि यंत्र सॉकेटमध्ये कायम लावून ठेवू नका. तिथे बॅटरीचा करंट चावी काढली तरी चालू असतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

जॉबकार्ड

मी बरीच वर्षं अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या फ्लोअरवर काम केलंय, आता स्वतंत्र आहे. आतली बाजू सांगतो.

कंपनीच्या स्कॅनरला जास्त दिसतं, हे खरं आहे. सगळे कंट्रोल युनिट उघडतात, कंपनीचे स्वतःचे कोड नेमक्या वर्णनासकट वाचता येतात, वायरिंग डायग्राम आणि पायरीपायरीची तपासणी त्यातच असते. सोलेनॉइड, ईजीआर स्क्रीनवरून हलवून बघता येतात. ईसीएमचं सॉफ्टवेअर अपडेट, नवी चावी गाडीला ओळखवणं, एअरबॅगचं काम, ही कामं मी स्वतःच्या गाडीचीही कंपनीतच करतो. इंजेक्टर बदलले तर त्यांचे नंबर ईसीएमला लिहावे लागतात, ते आता बाहेरचे चांगले स्कॅनरही करतात, पण मॉडेलप्रमाणे आधी खात्री करून घ्यावी. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जाळून साफ करायचा असेल तर तेच.

मग सत्तर हजारांचं एस्टिमेट कसं येतं? तुमच्याशी बोलतो तो सर्व्हिस अॅडव्हायझर. गाडीला हात लावतो तो टेक्निशियन, आणि त्याच्यापर्यंत तुमचं म्हणणं "पिकअप कमी" एवढंच पोचतं. दिवसाला ठरावीक गाड्या काढायच्या असतात. टर्बोचे सुटे भाग आतून मागवायचे म्हटले तर पार्ट लिस्टमध्ये पूर्ण असेंब्लीच असते. टेक्निशियन चोर नसतो हो, त्याला तेवढा वेळच दिलेला नसतो.

म्हणून परत गेलात तर जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: "चढावर, तिसरा गिअर, २५०० आरपीएम, इंजिन गरम, चालू-बंद केल्यावर ठीक." टेक्निशियनला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्हचा आग्रह धरा. बदललेला जुना पार्ट परत हवा, हेही आधीच लिहा. एवढं लिहिलेलं असलं की फ्लोअरवर गाडी वेगळ्या पद्धतीने हाताळली जाते, हे मी स्वतः बघितलंय.

पक्षकार

थोडं विषयाला धरून, थोडं बाहेरचं. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळत नाहीत, हा जुना तंटा आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, पुढे प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. तुमच्या गाडीला आज याचा उपयोग नाही, पण तपासणीचे पैसे घेऊन रिपोर्ट देत नसतील तर लेखी मागा, पावती जपून ठेवा. दाद मागायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दहाचा_पाना, तुम्ही सांगितलं तसंच बोललो. ओळखीतल्या एका गॅरेजवाल्यांना तपासणीचे पैसे वेगळे देतो म्हटलं, त्यांनी गाडी ठेवून घेतली आणि घाटात माझ्याबरोबर आले.

मॅपचं रीडिंग इंजिन बंद असताना कऱ्हाडात ९५. म्हणजे सेन्सर ठीक. घाटात दोन्ही आकडे बराच वेळ बरोबरीने चालले, मग एकदम मागणी २१० आणि मिळतंय १५०, आणि दिवा लागला. धूर सोडून बघितलं, कुठेही गळती नाही. व्हॅक्यूम पंप लावला तर काटा जागेवर टिकतो, म्हणजे डायफ्रॅम चांगला आहे. पण दांडी अर्ध्यापर्यंत सरळ जाते, तिथे अडते, आणि मग झटका देऊन पुढे सरकते. सोडली की परत येतानाही त्याच जागी थांबते. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे दोष टर्बोतच आहे, सर्व्हिस सेंटर त्या बाबतीत चुकलं नव्हतं. त्यांनी हे दाखवलं असतं तर मी तिथेच काम केलं असतं.

आता विचारायचं एवढंच, पूर्ण नवा टर्बो घेऊ की हा उघडून साफ करता येईल?

दहाचा_पाना

छान झालं, आता अंधारात काम नाही. दांडी अडते म्हणजे बहुधा आतल्या पट्ट्या आणि त्यांची रिंग काजळीने धरली आहे. मात्र टर्बो उतरवल्यावर एकदा अॅक्चुएटरची दांडी सोडवून लिव्हर हाताने फिरवा. लिव्हर मोकळा फिरला तर अडचण अॅक्चुएटरची आणि काम अजून स्वस्त.

लिव्हरच अडत असेल तर शाफ्ट तपासायचा. वरखाली किंचित ढिलाई चालते, कारण ऑइलवर तरंगणारा शाफ्ट आहे. आतबाहेर जाणवण्याइतका हलला, किंवा पंख्याची पाती बॉडीला घासल्याची खूण दिसली, तर साफसफाईवर पैसे घालवू नका. मग मधला कोअर (शाफ्ट आणि पंखे असलेला भाग) बदलून बॅलन्स केलेला घ्या, किंवा नवा टर्बो. शाफ्ट चांगला असला तर टर्बोचंच काम करणाऱ्या माणसाकडून उघडून साफ करून घ्या. पुण्यात, कोल्हापुरात अशी दुकानं आहेत. स्टॉपरच्या स्क्रूला हात लावू देऊ नका, ती सेटिंग हलली तर कमी बूस्टच्या जागी जास्त बूस्टचा कोड येईल.

बसवताना ऑइल आणि फिल्टर नवे. टर्बोला ऑइल देणारी पाइप काढून आतून बघा, कार्बनने अरुंद झाली असेल तर बदला, नाहीतर नवा टर्बोही लवकर जाईल. टर्बोत हाताने ऑइल भरा, सुरू केल्यावर काही वेळ रेस न देता आयडलला चालू द्या. मग कोड उडवा आणि तेच दोन आकडे रेकॉर्ड करत पोफळीपासून वर या. इंजेक्टरला हात लावू नका, त्यांच्याविरुद्ध अजून एकही आकडा नाही.