अमळनेरच्या उन्हाळ्यात घरची डार्करूम: सुरुवात कुठून करावी?

बोरीकाठ:
नमस्कार मंडळी. अमळनेरला जुनं धाब्याचं घर आहे. आत ७ बाय ५ फुटांची एक खोली आहे, बिनखिडकीची. दाराला फटी आहेत आणि वर धाब्यात झरोका आहे. खोलीत नळ नाही. पाणी तीन दिवसांआड येतं आणि एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी ३५ अंशांपर्यंत तापतं. ३५ मिमीचे ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवायचे आहेत, पुढे ८ बाय १० इंचांपर्यंत प्रिंट काढायच्या आहेत. तयार केमिकल आणि वर कुरिअरचा खर्च, हे दर वेळी परवडत नाही. आधी काय घ्यावं? आणि ते २० अंश आपल्याकडे सांभाळायचे कसे?

तापीथडी:
भाऊ, फिल्म आणि प्रिंट ही दोन कामं आधी वेगळी करा. फिल्मला डार्करूम लागतच नाही. चेंजिंग बॅग (हात घालायच्या बाह्यांची, उजेड न शिरणारी पिशवी), डेव्हलपिंग टँक (फिल्म धुवायचा उजेडबंद डबा), थर्मामीटर आणि मोजपात्र एवढ्यावर स्वयंपाकाच्या ओट्यावर रोल धुतला जातो. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३५ च्या खालचं दाखवतच नाही. लॅबमधला ० ते ५० अंशांचा काचेचा घ्या.

थंडाव्यासाठी आरओचा थंड जार आणा. गारवाही मिळतो आणि बोअरच्या पाण्यातले क्षारही टळतात. हिशोब असा: पॅटरसन टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली लागतं, ३०० धरा. डी-७६ हा फिल्मचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण. तो एकास एक वापरायचा, म्हणजे मूळ द्रावण (स्टॉक) आणि पाणी सारखं. १५० मिली स्टॉक खोलीत ३४ अंशांवर असेल आणि जारचं पाणी १० अंशांवर, तर मिश्रण २२ वर येतं. एचपी५ प्लस या फिल्मला एकास एकमध्ये २० अंशांवर ११ मिनिटं लागतात. २२ वर सव्वानऊ, २४ वर पावणेआठ. त्याच्या वर जाऊ नका. पाणी न घालता नुसता स्टॉक वापरला तर २० वरच साडेसात मिनिटं आहेत, २४ वर ती सव्वापाचवर येतात. वेळ ५ मिनिटांच्या खाली गेली की डेव्हलपर सगळीकडे सारखा लागायच्या आत काम संपतं आणि आकाशात पट्टे येतात.

मोठ्या घमेल्यात ६-७ लिटर पाणी २२ अंशांवर आणून टँक, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुवायच्या पाण्याच्या बाटल्या त्यातच उभ्या करा. बर्फ पिशवीत बांधून घमेल्यात सोडा, द्रावणात नको. डेव्हलपर २२ वर आणि धुवायचं पाणी ३५ वर असं झालं की फिल्मवरचं जिलेटिन एकदम फुगतं आणि मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या बारीक भेगा निगेटिव्हवर उमटतात. त्या कशानेही जात नाहीत.

वाहत्या पाण्याची गरज नाही. फिक्सरनंतर टँक भरून ५ वेळा उलटासुलटा करा, पाणी ओता. दुसऱ्या पाण्यात १० वेळा, तिसऱ्या पाण्यात २० वेळा. एका लिटरात रोल स्वच्छ होतो. शेवटचं बुचकळणं डिस्टिल्ड पाण्यात करा, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी सारखं निथळू देणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब, म्हणजे सुकल्यावर पांढरे ठिपके राहत नाहीत.

आणखी एक. रोल टँकमधल्या रीळवर चढवायचं काम पहाटे करा. दुपारी बॅगेत हाताला घाम सुटतो, बॅगेतली हवा दमट होते आणि फिल्म प्लास्टिकच्या रीळमध्ये अर्ध्यावर अडकते. तिथे जोर लावला की चंद्रकोरीसारखे काळे डाग पडतात.

सातपुडा_लेन्स:
केमिकलबद्दल मी लिहितो. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानात सुटी पावडर मिळते. १ लिटर डी-७६ ला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्या, मग उरलेलं याच क्रमाने, आणि शेवटी पाणी घालून १ लिटर. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही, पांढरं तरंगत राहतं. वजनकाटा ०.१ ग्रॅमचा हवा.

दुकानात सल्फाइटच्या जागी सल्फेटचा पुडा हातात पडतो, फार सहज. लेबल स्वतः वाचा. सल्फेट पडलं तर हवेपासून जपणारं काहीच उरत नाही आणि द्रावण लवकरच तपकिरी होतं. चहाच्या रंगाचा डेव्हलपर रोलला लावू नका. शंका असली की फिल्मच्या उजेड लागलेल्या टोकाचा तुकडा त्यात टाका. पाच-सात मिनिटांत काळाकुट्ट व्हायला हवा.

स्टॉप बाथला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरला १५ ग्रॅम. फिक्सर म्हणजे लिटरला २५० ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) आणि २५ ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट. हायपो विरघळताना पाणी आपोआप गार होतं, भांड्याला बाहेरून घाम फुटतो. म्हणून उन्हाळ्यात टाकीचं कोमट पाणीच घ्या. मेटाबायसल्फाइट मात्र हायपो पूर्ण विरघळून द्रावण गार झाल्यावरच घाला. गरम असताना घातलं तर गंधक सुटतं आणि फिक्सर दुधासारखा होतो, तो गेला. फिल्मचा तुकडा किती वेळात पारदर्शक होतो ते बघा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा.

मेटॉलने हाताला खाज-पुरळ उठतं. पावडर मोजताना मास्क, द्रावणात काम करताना हातमोजे, आणि भांडी स्वयंपाकघरात परत न्यायची नाहीत.

लाल_झिरो:
आता खोली. झरोक्याला आणि दाराला कृषी सेवा केंद्रातला काळा-चंदेरी मल्चिंग पेपर दुहेरी लावा, काळी बाजू आत. कडा काळ्या टेपने बंद करा, दाराच्या आत जाड गोधडीचा पडदा. दुपारी बारा वाजता आत १० मिनिटं अंधारात बसा. डोळे सरावले की राहिलेल्या फटी स्वतःच दिसतात. हवेसाठी एक्झॉस्ट फॅन हवाच. त्याच्यापुढे आतून काळा रंग दिलेला, दोनदा वळवलेला पुठ्ठ्याचा बोगदा ठेवा.

प्रिंट काढताना लावायच्या, रंग चढवलेल्या लाल झिरो बल्बवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, रंग उडाला की पांढरा उजेड गळतो. तपासणी अशी: प्रिंटच्या कागदाला एनलार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) इतकाच उजेड द्या की धुतल्यावर हलका करडा येईल. मग त्यावर नाणं ठेवून लाल दिव्याखाली ५ मिनिटं ठेवा आणि धुवा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा लांब न्या किंवा बदला. नुसत्या कोऱ्या कागदावर नाणं ठेवलं तर खराब दिवाही पास होतो, कारण तो थोडासा उजेड एकट्याने कागद काळा करू शकत नाही.

खोलीत नळ नाही याची काळजी नको. आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला, कागद घ्या, तो बादलीतल्या स्वच्छ पाण्यात २ मिनिटांत धुतला जातो. तो थर नसलेल्या फायबर कागदाला पाणी पुरणार नाही. प्रिंटचा डेव्हलपर डी-७२: मेटॉल ३, सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल सोडियम कार्बोनेट ६८ आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, एक लिटरला. वापरताना एकास दोन भाग पाणी. पावडरी जवळपास त्याच, म्हणून एकदमच आणा.

एनलार्जर जुन्या स्टुडिओवाल्यांकडे विचारा, माळ्यावर पडलेले असतात. ३५ मिमीला ५० मिमीचं भिंग लागतं. साध्या तंतूच्या बल्बवर व्होल्टेज १० टक्के पडलं की जवळपास ३० टक्के उजेड जातो. शेतातले पंप चालू झाले की दोन प्रिंट सारख्या येत नाहीत. स्टेबिलायझर लावा, नाहीतर दुधी एलईडी बल्ब. बंद केल्यावर रेंगाळत मिणमिणणारा एलईडी मात्र घेऊ नका.

बोरीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. उन्हाळ्यात फिल्म मऊ पडू नये म्हणून हायपोत तुरटी घालतात असं ऐकलंय, घालू का? आणि एक एनलार्जर बघितलाय, त्याच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

तापीथडी:
२४ अंशांच्या आत काम करत असाल तर तुरटी नको. तुरटीने जिलेटिन घट्ट होतं, पण मग हायपो सहजी निघत नाही आणि वर सांगितलेलं तीन पाण्यांचं धुणं पुरत नाही. आपल्याकडे पाणी वाचवणं जास्त महत्त्वाचं.

भिंगातली ती बुरशी आहे. मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघा. कडेला एखादा धागा असेल तर चालेल. मध्यभागी धुरकट असेल तर प्रिंट पिचपिचीत येतील, भिंग दुसरं शोधा. एनलार्जरची मात्र डोकं वरखाली करायची दांडी आणि निगेटिव्हची चौकट सरळ आहे का ते बघून घ्या.

आणि वापरलेला फिक्सर शोषखड्ड्यात ओतू नका, त्यात चांदी असते. प्लास्टिकच्या बादलीत साठवून त्यात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी दोन दिवस बुडवून ठेवा. स्टेनलेसची चालणार नाही. चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते, तो गाळ वेगळ्या बरणीत ठेवा. वर्षभरात बरणी भरली की चांदी गाळणाऱ्याला दाखवा.