मदत हवी आहे : ४८६ बोर्डावर मेमरी एरर, पण रॅम तर चांगली दिसते

मंडळी,

४८६ चा एक जुना मदरबोर्ड हाताशी आहे. डीएक्स२-६६ प्रोसेसर, ७२ पिनांच्या सिम (रॅमच्या पट्ट्या), २५६ केबी एक्स्टर्नल कॅश (प्रोसेसर आणि रॅममधली छोटी, वेगवान मेमरी), तीही सॉकेटमध्ये बसवलेली. सुरू करताना बायोस मेमरी बिनतक्रार मोजतो, डॉसही येतं. बोर्ड जरा तापला की मात्र झिप उघडताना सीआरसी एरर (मजकूर बिघडल्याची खूण) येते आणि विंडोज मध्येच मान टाकतं.

मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावलं. थंड असताना स्वच्छ, मग लाल ओळींची रांग. गंमत म्हणजे एरर बिट्सच्या रकान्यात दर वेळी हेक्समधला (१६ च्या पायावरचा) एकच आकडा : ०००००४००. म्हणजे शून्यापासून मोजलं तर १० वा बिट, दुसरा कुठलाच नाही. आणि चुकलेल्या पत्त्याचा शेवटचा अंक नेहमी ४ किंवा सी (हेक्समध्ये १२).

सिम बदलून पाहिल्या (जुन्या फास्ट पेज मोड प्रकारच्याच, नंतरच्या ईडीओ प्रकारच्या या चिपसेटला, म्हणजे बोर्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपांना, चालत नाहीत), स्लॉट बदलले, बायोसमध्ये वेट स्टेट (रॅमसाठी थांबायचा वेळ) वाढवली. ढिम्म फरक नाही. एक्स्टर्नल कॅश डिसेबल केली आणि रात्रभर एकही एरर नाही!

म्हणून कॅशवर संशय. चिपा ३२के×८ च्या, २८ पिनी, चार-चारच्या दोन बँका (गट), शेजारी टॅग (कॅशमध्ये कुठल्या पत्त्याचा मजकूर आहे याची नोंद ठेवणारी चिप). दोन्ही बँकांच्या चिपा आपसात बदलल्या. ४ आणि सी चे पत्ते बहुधा एका बँकेचे, ० आणि ८ चे दुसरीचे, म्हणजे चिप खराब असती तर पत्ते ० आणि ८ वर सरकायला हवे होते. ते जागचे हलले नाहीत.

आता सॉकेट, ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) की चिपसेट? आधीच्या मालकाने गळकी बॅटरी काढून टाकलेली आहे, पण हिरवट डाग कीबोर्ड कनेक्टरपाशी आहेत, कॅशपासून बरेच लांब. खात्री झाल्याशिवाय सॉकेट उपसायची इच्छा नाही, मल्टीलेअर बोर्डाची भोकं फार लवकर सुटून येतात.

प्रतिसाद १
टॅग नाही, हे नक्की. टॅग चुकली तर भलत्याच पत्त्याचा मजकूर येतो, मग एवढ्या शिस्तीत एकच बिट चुकत नाही. चिपसेटचाही नाद सोडा. कॅश बंद असताना १० वा बिट प्रोसेसरपासून रॅमपर्यंत नीट जातोय, म्हणजे मुख्य वाट शाबूत आहे. शेवट ४ किंवा सी म्हणजे बहुतेक एकाच बँकेचे पत्ते. बिघाड त्या बँकेकडे जाणाऱ्या फाट्यावर आहे.

पॉवर काढा, प्रोसेसर आणि कॅशच्या चिपा उतरवा, मल्टीमीटर बीपवर ठेवा. एका बँकेच्या सॉकेटची ११ ते १३ आणि १५ ते १९ ही भोकं (डेटाच्या पिना) दुसऱ्या बँकेतल्या त्याच जागच्या जोडीदाराशी तपासा. (१४ ही ग्राउंड, ती सोडा.) आधी वरून, सॉकेटच्या पात्यांना पिन टेकवून, मग बोर्डाच्या पाठीमागून सोल्डरवर. वरून गप्प आणि मागून बीप, तर सॉकेटचं पातं सैल. दोन्हीकडून गप्प, तर ट्रेस किंवा व्हाया (बोर्डाचे थर जोडणारं भोक) तुटलाय. थंड असताना सगळं बीप देईल, तेव्हा हेअर ड्रायरने जरा ऊब द्या.

प्रतिसाद २
तोवर कॅशचा जंपर (बोर्डावरची सेटिंग बदलायची टोपी) १२८ केबीवर करा, चांगल्या बँकेवर काम चालेल. बाकी तुमची कॅश खरी आहे हे नशीब समजा. त्या काळी काही बोर्डांवर कॅशच्या चिपांऐवजी 'राईट बॅक' छापलेले नुसते प्लास्टिकचे तुकडे सोल्डर केलेले असत.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. ऊब दिल्यावर एका सॉकेटची १३ नंबरची पिन वरून गप्प, मागून बीप. पातं काळवंडलंय, सुईने जरा पुढे ओढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. मेमटेस्ट चालू आहे, आत्तापर्यंत स्वच्छ. जंपर तूर्त २५६ वरच ठेवलाय. हेच पातं पुन्हा सैल झालं तर सॉकेट बदलावंच लागेल. तेव्हा गोल पिनांचं घ्यावं की मूळचं आहे तसंच?

प्रतिसाद १
गोल पिनांचं. पण जुन्याचं प्लास्टिक आधी कापून काढा आणि पिना एकेक करून उपसा, म्हणजे भोकं वाचतील.