इंदूर: घरच्या बागेसाठी छोटं ग्रीनहाऊस, मागच्या अंगणात की गच्चीवर? बजेट १५ हजार

सुदामानगरची बाग

नमस्कार मंडळी, आम्ही सुदामा नगरला राहतो, एक मजली घर आहे आणि मागे १८ फुटांचं अंगण, पूर्वी तिथे सासूबाईंचे गुलाब होते, आता तुळस आणि कपड्यांची दोरी एवढंच उरलंय. मला छोटं ग्रीनहाऊस करायचंय, साधारण ६ बाय १० फूट, टोमॅटो, सिमला मिरची, पालक आणि मुख्य म्हणजे रोपं तयार करायला, कारण गेली दोन वर्षं जुलैच्या झडीत माझी मिरचीची सगळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. ऑनलाइन एक रेडीमेड किट पाहिलंय, बारीक पाईप, वर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, पुढे चेनचा दरवाजा, बजेटमध्ये बसतंय. घ्यावं का?

दुसरं म्हणजे जागा. मिस्टर म्हणतात गच्चीवर लाव. मला अंगण सोयीचं, नळ तिथेच आहे आणि सासूबाईंना जिना चढवत नाही, त्यांना झाडांपाशी बसायला आवडतं. अंगणाच्या दक्षिणेला शेजाऱ्यांचं दोन मजली घर आहे, कंपाउंडला अगदी लागून. दिवाळीनंतर काम सुरू करायचा विचार आहे.

रामबागची गच्ची

अगं ते किट नको घेऊस. मी असंच घेतलं होतं, पाईप करंगळीएवढे आणि जोड सगळे प्लास्टिकचे. मे महिन्यात संध्याकाळी आंधी आली आणि दहा मिनिटांत अख्खं उचलून शेजारच्यांच्या टाकीवर जाऊन पडलं, कव्हर चेनपासून उभं फाटलं. कुणाला लागलं नाही हे नशीब.

त्याआधीच खरं तर झाडं गेली होती. आत थर्मामीटर टांगला होता, एप्रिलमध्ये दुपारी बाहेर ४१ तर आत ५२, दरवाजा उघडा ठेवूनसुद्धा. टोमॅटोची फुलं ३५ च्या वरच गळायला लागतात. आपल्याकडे थंडी असते किती, डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री ७-८ पर्यंत उतरतं, तेवढं टोमॅटो सोसतो. झाडं वाचवायची ती उन्हापासून आणि झोडपणाऱ्या पावसापासून. त्यामुळे सांगाडा पक्का कर आणि वरचं पांघरूण सीझनप्रमाणे बदल. मी आता मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत ५० टक्क्यांची (म्हणजे निम्मं ऊन अडवणारी) शेडनेट लावते, पाऊस आला की नेट काढून प्लास्टिक, ते थेट फेब्रुवारीपर्यंत. चारी बाजूंना कायम बारीक जाळीच, प्लास्टिक फक्त डोक्यावर. ७५ टक्क्यांची नेट घेऊ नकोस, त्यात झाडं नुसती लांबतात.

मालवी काका

ताई, किटचं वरती बरोबर सांगितलंय, मी जागेबद्दल लिहितो कारण खरा घोळ तिथे आहे.

इंदूर २२.७ अक्षांशावर आहे, म्हणजे जूनमध्ये सूर्य दुपारी थेट डोक्यावर आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दक्षिणेकडे कललेला, जेमतेम ४४ अंश वर. ४४ अंशांचा अर्थ असा की भर दुपारीसुद्धा भिंतीची सावली भिंतीच्या उंचीएवढी पडते, किंचित जास्तच. शेजाऱ्यांचं दोन मजली घर कठड्यासकट २२ फूट धरा, सावली २३ फूट, तुमचं अंगण १८ फूट. ज्या महिन्यांत टोमॅटो भरभरून यायचा नेमक्या त्याच महिन्यांत अख्खं अंगण सावलीत! उद्या सव्वाबाराला टेप घेऊन बघा, आत्ता ऑक्टोबरच्या २०-२२ तारखेला ती १४-१५ फुटांवर आलेली असेल आणि रोज पुढे सरकत असेल.

आता गच्चीचं गणित. तुमची गच्ची ११ फुटांवर असेल तर त्यावर शेजाऱ्यांची भिंत उरते ११ फूट, तिची सावली साडेअकरा फूट, म्हणजे गच्चीच्या उंचीवर ती अंगणावरच संपते. गच्चीला पूर्ण ऊन. मिस्टर बरोबर म्हणताहेत.

गच्चीवर कुठे? जिन्याची खोली असेल तर तिच्या पूर्वेच्या भिंतीला लागून. आमच्या भागात आंधी बहुतेक पश्चिमेकडून येते, ती भिंत अडवेल, आणि मे महिन्यातलं चारनंतरचं जाळणारं ऊनही अडेल. पाण्याची टाकी मात्र दक्षिणेला येऊ देऊ नका.

पाईप आणि पत्रा

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, छोट्या शेड नेहमी करतो. गच्चीला भोकं पाडायची नाहीत, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या खोलीत ओल. तेलाचे १५ लिटरचे रिकामे डबे घ्या, मधोमध पाईपचा तुकडा उभा धरून काँक्रीट भरा, एक डबा ३५ किलोच्या आसपास भरतो. असे सहा डबे, खाली फरशीचे तुकडे म्हणजे डबा गंजून डाग पडणार नाही. डबे आणि मोठ्या कुंड्या कडेने, बीमच्या रेषेत ठेवा, स्लॅबच्या मध्यावर ओझं नको. एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, उंची साडेसहा फुटांवर नेऊ नका, कोपऱ्यांत तिरके पाईप हवेतच, आणि एक बाजू कठड्याला क्लॅम्पने बांधा. आंधीच्या महिन्यांत वर नेट असते ती वारा आरपार जाऊ देते, हा वरच्या ताईंच्या पद्धतीचा मोठा फायदा.

पाईप सियागंजच्या बाजारात किंवा लोहा मंडीत स्वतः जाऊन वजनावर बघा, भंगारातला सरळ पाईप मिळाला तरी चालतो, फक्त आतून गंजलेला नको. पैसे प्लास्टिकवर वाचवू नका. २०० मायक्रॉन जाडीची, ऊन सोसणारी यूव्ही फिल्मच मागा, साधं पारदर्शक प्लास्टिक एका उन्हाळ्यात पिवळं पडून चरचर फाटतं. पाईपला फिल्म जिथे घासते तिथे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. वरती उतार भरपूर ठेवा, नाहीतर पाणी साचून पोट सुटतं. फिल्म आणि नेट दोन्ही बसवायला प्रोफाइल (खाचेची पट्टी) आणि तिच्यात दाबून बसवायची झिगझॅग स्प्रिंग लावा, काढघाल अर्ध्या तासात होते.

सुदामानगरची बाग

काका, आज सव्वाबाराला मोजलं, १४ फूट ४ इंच! तुळशीच्या पुढे गेलीये सावली. आठ वर्षं या घरात आहे पण हिवाळ्यात तुळस का रोडावते हे आज कळलं. गच्चीवर जिन्याच्या खोलीला पूर्वेकडे ९ फुटांची भिंत आहे, तिथे बसेल. फक्त सासूबाईंचं वाईट वाटतंय, त्यांच्यासाठीच खाली हवं होतं.

मालवी काका

अहो, अंगण वाया थोडंच जातंय. मे ते ऑगस्ट तिथे सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा भरपूर ऊन मिळतं, आणि तुमची मिरचीची रोपं याच काळातली. उरलेल्या पाईपची ३ बाय ६ फुटांची एक चौकट, टेबलाच्या उंचीवर, वर त्याच फिल्मचा तुकडा आणि बाजू उघड्या. पाऊस रोपांवर नको पण वारा खेळता हवा, बुडं काळी पडतात ती ओलीने. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत घाला, बागेतली काळी माती नको, ती पाणी धरून बसते. टेबलाची उंची असली की आईंना खुर्चीवर बसून रोपं विरळ करता येतील. हिवाळ्यात त्याच जागी पालक, मेथी, कोथिंबीर, त्यांना कमी ऊन चालतं.

रामबागची गच्ची

आणि एक राहिलं, जाळीच्या आत मधमाशा येत नाहीत. टोमॅटोला फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास प्रत्येक घोसाला टिचकी मार, परागकण आपोआप पडतात. काकडी, दुधी आत लावू नकोस, नाहीतर रोज नरफूल तोडून मादीफुलाला लावत बसावं लागेल. टोमॅटोची रोपं आत्ताच टाक, सांगाडा उभा राहीपर्यंत लावणीला येतील. रविवारी सियागंजला जाणार असशील तर सांग, मलाही नवी नेट घ्यायचीये.