द्विदल, दाळ आणि दोन पानं : कापूस कशात बसतो?

जिंतूरहून प्रश्न

‘द्विदल’ या शब्दाचा अर्थ कुठवर ताणायचा, हे जाणकारांना विचारायचं आहे. दोन वर्षांखाली आमच्या तात्यांनी ज्वारीतलं तण मारायला टू-फोर-डी आणलं. दुकानात सांगितलं होतं, “हे द्विदल मारतं, एकदलाला काही करत नाही.” शेजारच्या पट्ट्यात पऱ्हाटी होती. वारं तिकडंच होतं म्हणून मी थांबा म्हणालो, तर तात्या म्हणाले, “कापसाला काय होतंय? कापूस काय दाळीचं पीक हाय का?” आठ-दहा दिवसांत कापसाची नवी पानं बोटांसारखी लांबट, अरुंद निघाली.

तात्या चुकले असं मला आजही म्हणवत नाही. द्विदल म्हणजे तूर, मूग, उडीद, हरभरा, हे त्यांनी जन्मभर ऐकलंय. मग चूक शब्दाची का?

परभणीहून, एक शिक्षिका

दादा, शब्द खोटा नाही, पण त्याच्यावर दोन ओझी आहेत. संस्कृतात ‘दल्’ म्हणजे फुटणं, दुभंगणं. आपलं दळणं तिथलंच आणि दाळही तिथलीच. (आपण मराठवाड्यात ‘दाळ’ म्हणतो, पुण्याकडं ‘डाळ’. मला आपला उच्चार मुळाला जवळचा वाटतो.) दल म्हणजे सुटा झालेला भाग. म्हणून परळीला वैजनाथाला वाहतो ते बेलाचं त्रिदळ. तिथं दल म्हणजे एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका. कमळ शतदल, तिथं दल म्हणजे पाकळी. वनस्पतिशास्त्रातलं द्विदल घेतलं की दल म्हणजे बीजपत्र, म्हणजे बियांतल्या बाळरोपाचं पहिलं पान.

बियांत असं एकच पान की दोन, यावर सपुष्प वनस्पतींचे दोन गट करण्याचा पाया इंग्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे यांनी 17व्या शतकाच्या उत्तरार्धात घातला. त्या हिशेबानं कापूस, करडई, सूर्यफूल, आंबा, लिंब, बाभूळ ही सगळी द्विदल. ज्वारी, ऊस, हळद, केळी, कांदा, शिंदी ही एकदल. दाळीचं प्रत्येक पीक द्विदल असतं, पण प्रत्येक द्विदलाची दाळ होत नाही. मी वर्गात ‘द्विबीजपत्री’ म्हणते. शब्द जड आहे, पण निदान वरणाची आठवण करून देत नाही.

वसमतहून, शेतकरी

ताई, आमच्याकडं याला शब्द आहेच. “कापूस दोन पानांवर आलाय” असं म्हणतो ना? ती दोन जाड, गोलसर पानं म्हणजेच तुमची बीजपत्रं. पुढं येणारं खरं पान वेगळ्या आकाराचं असतं. ज्वारी अशी दोन पानांवर येत नाही, तिचा सुईसारखा कोंब वर येतो. लहानपणी खेळायला चिंचोका फोडायचो, त्याच्या दोन फाका पडायच्या. एक अंग काळं, एक पांढरं. त्या फाका म्हणजे बीजपत्रंच. दुकानदारानं “दोन पानांवर उगवणारं सगळं मरतं” एवढं सांगितलं असतं, तर तात्यांचा कापूस वाचला असता.

छत्रपती संभाजीनगरहून, विद्यार्थी

याच धाग्यात एक शुद्धलेखनाची गोष्ट. ज्यांचं बी फळात झाकलेलं नसतं अशा झाडांना ‘अनावृत्तबीजी’ असं दोन ‘त’ घालून छापलेलं फार ठिकाणी दिसतं. ‘वृ’ म्हणजे झाकणं, त्यापासून आवरण आणि आवृत. ‘वृत्’ म्हणजे फिरणं, त्यापासून आवृत्ती आणि आवृत्त. बी उघडं असतं हे सांगायचंय, तर ‘अनावृतबीजी’ हवं, एकच त. उदाहरण अंगणातलं घ्या. मोरपंखी, जिची पानं आपण ‘विद्या’ म्हणून पुस्तकात ठेवायचो. तिला फळ धरत नाही, शंकूच्या खवल्यांमध्ये बी उघडंच राहतं.

आणि शेवाळ! पाण्यात तरंगणारं बुळबुळीत ते शैवल. पावसाळ्यात जुन्या भिंतीवर हिरवी मखमल चढते ती शेवाळी. तिला नीट पाहिलं तर इवलीशी पानं दिसतात. बोलताना आपण दोन्हींना शेवाळच म्हणतो, पण गट निराळे. त्यांच्यावरची पायरी नेच्यांची, म्हणजे फर्नची. आपल्या कोरड्या मुलखात नेचे पाहायचे तर बारवेत उतरा, ओल्या चिऱ्यांच्या फटीत हंसराज सापडतो. त्याच्या पानाची कड खाली दुमडलेली असते आणि बीजाणू (बियांऐवजी असणारे बारीक कण) तिच्याआड असतात. या बिनफुलांच्या वनस्पतींना स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं ‘क्रिप्टोगॅमिया’ हे जे नाव दिलं त्याचा ग्रीक अर्थ ‘लपलेलं लग्न’ असा आहे. ‘अपुष्प’ या आपल्या शब्दात ती गंमत उतरली नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

पाटोद्याहून

आमच्या बीडच्या सीताफळाचं काय? भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ, पण वर्गीकरणात ते जागेवर राहिलं नाही. बेंथम आणि हुकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या 1862 ते 1883 मधल्या मांडणीत ते द्विदलांतच आहे. 1998 पासून जनुकांवरून नवी मांडणी आली आणि ‘खरी द्विदल’ असा वेगळा गट निघाला. सीताफळ त्यात नाही. नागवेल, मिरी, दालचिनीसोबत त्याची वेगळीच जुनी शाखा ठरली. बी रुजलं की पानं मात्र दोनच येतात. म्हणजे ‘द्विदल’ हे वर्णन म्हणून टिकलं, घराण्याचं नाव म्हणून नाही.

जिंतूरहून, पुन्हा

सगळ्यांचे आभार. घमेल्यात सरकी, तूर आणि मका लावून तात्यांना दाखवलं. सरकीची दोन पानं त्यांनी बोटानं मोजली. मग विचारलं, “तूर भरडली की दाळ होते, मका भरडला की भरडाच होतो. ते का?”

परभणीहून

तात्यांना माझा नमस्कार सांगा, प्रश्न फार चांगला आहे. तुरीचं रोप आपली सगळी शिदोरी त्या दोन बीजपत्रांतच भरून ठेवतं. भरडल्यावर टरफल जातं, बीजपत्रं सुटी होतात, तीच दाळ. मक्याची शिदोरी बीजपत्रात नसते. ती कोंबाबाहेर, पिठूळ गाभ्यात असते. तिला दुभंगायला सांधाच नाही, म्हणून तिचे कसेही तुकडे पडतात.